उजवीकडचा एक

दुपारी दीड वाजता टुरिडचं बोट कीपॅडवर थबकलं. वीस वर्षं तिने फियोर्डमधल्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीतल्या, पाण्याच्या खोलीचे तक्ते जुन्या टर्मिनलवर तपासले होते. नजर कागदावर, उजवा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाला असलेल्या आकड्यांच्या कीपॅडवर. तिथला एक दाबला की आकडा न उमटता कर्सर पुढच्या आकड्यावर उडी मारायचा. गेल्या सोमवारी विंडोवालं नवं मशीन आलं, आणि तंत्रज्ञ इवारने कीपॅडच्या बटणांना तिच्या सवयीची जुनी कामं लावून दिली.

"इवार, माझा एक आज उडीच मारत नाहीये रे!"

तपकिरी चीजचा पाव चघळत इवार वाकला. "अगं, ही दुसरी विंडो उघडलीस तू. मी बटणं पहिलीत लावलीत. इथे एक दाबलास की नुसता एकच उमटणार."

"तक्त्यात उमटणार?"

इवारचा घास तोंडातच राहिला. पत्रात जादा एक घुसला तर आंधळ्यालाही कळेल, पण आकड्यांच्या गर्दीत तो कुणाला दिसणार? आणि सकाळी याच विंडोत तपासलेला तक्ता केव्हाच रेडिओच्या खोलीत गेला होता. दोन वाजता रेडिओवाली हालदिस तो बोटींना वाचून दाखवणार होती.

कागदाशी ताडून दोघांनी जादा घुसलेले तीन एक शोधले.

"दाबलंस किती वेळा?"

"मला काय ठाऊक! बोटं मोजतात होय?"

तीनशे ओळींपैकी निम्म्याही झाल्या नव्हत्या, आणि दोनला सहा मिनिटं होती. टुरिड भयंकर घाबरली होती. बोटींसाठी तर होतीच, पण म्हातारीला मशीन झेपत नाही म्हणून आपल्याला घरी बसवतील, ही भीतीही आठवडाभर तिला खात होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"गुपचूप शोधत राहू," इवार कुजबुजला. "मिळेल."

ती उठली. जिना चढून रेडिओच्या खोलीत शिरली. हालदिस माइकपुढे घसा खाकरत होती.

"वाचू नकोस. तक्ता चुकलाय. मीच चुकवलाय."

"बोटी वाट बघताहेत, टुरिड! तुला ते मशीन जमतंय ना?"

"नाही जमत. पण वाचू नकोस."

हालदिसने तोंड वाकडं केलं, पण बोटींना जुनाच तक्ता धरायला सांगितलं.

चौथा एक साडेतीनला सापडला. बंदराच्या तोंडाशी बुडालेल्या खडकावर तीन मीटर पाणी होतं. तक्त्यात तेरा झालं होतं.

"सुटलो बाई," इवार म्हणाला. "पाचवा नसेल ना?"

टुरिडने उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि पुन्हा पहिली ओळ मोठ्याने वाचायला घेतली.