ॲश्कम हाउसची खोटी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. निदान लोक मला खिडकी म्हणतात. मला काच नाही, कडी नाही आणि जन्मापासून आजवर मी एकदाही उघडलेली नाही. चौकट तेवढी खऱ्या दगडाची आहे. आत नुसत्या विटा, विटांवर गिलावा आणि गिलाव्यावर रंगाने काढलेली तावदाने. स्वतःची अशी ओळख करून देताना मला शिसारी येते, पण सोंगाला दुसरी ओळख कुठून आणायची?

आमचे घर म्हणजे इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यातले ॲश्कम हाउस. मुळात ते लाकडी वाशांचे, बुटक्या छताचे, वाकडेतिकडे पण उबदार घर होते. मग घराचे मालक सर जर्व्हिस तरुणपणी इटलीला जाऊन आले आणि तिथले खांब त्यांच्या डोक्यात बसले. त्यांनी जुने घर पाडले नाही. त्याच्या तोंडावर दगडाची नवी दर्शनी भिंत चढवली. मधोमध उंच खांब, वर त्रिकोणी माथा आणि दोन्ही अंगांना सारख्याच खिडक्या. शिळ्या पावाला वरून लोणी फासावे, तसला हा प्रकार होता.

उजव्या टोकाला वर एक खिडकी होती, म्हणून डाव्या टोकालाही हवीच. पण डाव्या टोकाला, माझ्या पाठीशी, धुणे धुणाऱ्या मोलकरणींची खोली होती. खरी खिडकी ठेवली असती तर हिरवळीवरच्या पाहुण्यांना त्यांची तोंडे दिसली असती. त्या घरात मोलकरणीचे तोंड दिसणे म्हणजे अपशकुनच. मालक बोळातून आले की मुलींनी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, असा दंडकच होता. तेव्हा गवंड्याने मला जन्मतःच बुजवले. आजकाल पाहुण्यांना सांगतात, पूर्वी खिडक्यांवर कर असायचा, तो वाचवायला ही बुजवली. साफ खोटे! मला माणसे लपवायला उभे केले होते.

पुढून माझे कौतुक फार. बग्गीतून उतरलेले लोक मान वर करून म्हणायचे, "वा! काय तोल साधलाय!" आणि माझ्या पाठीमागे काय होते ते ऐका. भिंतीला ओल यायची. ओलीवर काळी बुरशी चढायची. चरबीच्या मेणबत्तीचा कुबट वास, कोपऱ्यात रात्रीच्या लघवीचे भांडे, दोरीवर कधीच न वाळणारे मोजे. त्या घाणीत एका खाटेवर हेप्सी आणि तिची धाकटी बहीण डॉर्कस अशा दोघी झोपायच्या. डॉर्कसच्या छातीत खोकला घर करून बसला होता.

एकदा घरातल्या कारभारीण मिसेस पिनॉक खोली तपासायला आल्या, तेव्हा हेप्सीने त्यांना दारातच गाठले.

"बाई, पोरीचा खोकला ऐकताय ना? वैद्य म्हणाले, हिला हवा हवी. या भिंतीतल्या चार विटा काढल्या तरी पुरे."

"चार विटा? आणि बाहेरून भोक दिसलं म्हणजे? सर उजवीकडेही भोक पाडायला सांगतील, जोडीला जोड म्हणून!"

"पाडू देत की! घर काय कोसळणार आहे त्यानं?"

"तोंड आवर गं बाई! बरं, मी बोलून बघते. पण आशा लावून बसू नकोस."

मिसेस पिनॉक वाईट नव्हत्या. त्या खरेच मालकिणीशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई लेडी लव्हिनिया हिरवळीवर आल्या, छत्री मागे करून त्यांनी मला नीट न्याहाळले.

"खरंच, अगदी मेल्यासारखी दिसते ही खिडकी," त्या म्हणाल्या. "काहीतरी केलंच पाहिजे."

हे धुण्याच्या खोलीत पोचले, तेव्हा हेप्सी चादरी पिळता पिळता गाणे म्हणू लागली. डॉर्कसला श्वास मिळणार होता. मलाही वाटले, आता आपण खरी खिडकी होणार.

पण आला तो गवंडी नव्हता, चित्रकार होता. मिस्टर टिल्यार्ड. अर्धवट उघड्या खिडकीत बसून बागेकडे बघणारी मुलगी माझ्यावर रंगवायची, असा हुकूम होता. तिच्यासाठी चेहरा हवा म्हणून त्याने सगळ्या मोलकरणी ओळीने उभ्या केल्या आणि डॉर्कससमोर तो थबकला.

"हिचा रंग बघा, बाईसाहेब! किती नाजूक, किती फिकट!"

"आजारी आहे हो ती, साहेब," हेप्सी म्हणाली.

"छान, छान. अशीच राहू दे."

डॉर्कसला बाईसाहेबांचा जुना निळा रेशमी झगा घातला आणि हिरवळीवर उन्हात बसवले. चित्र संपेपर्यंत ती रोज तिथे बसे. तिचा खोकला सैल झाला, तिला भूक लागू लागली, गालांवर लाली आली. टिल्यार्ड वैतागला.

"ही लाली कुठून आणलीस? माझं काम बिघडवलंस!"

"साहेब, चित्र झालं की खिडकी उघडणार ना?" डॉर्कसने विचारले.

"उघडीच तर काढतोय मी," तो म्हणाला आणि ब्रश पुसू लागला.

चित्र झाले. झगा काढून घेतला. डॉर्कस माझ्या पाठीमागे परत गेली. माझ्या तोंडावर ती हनुवटीला हात लावून ऊन खात बसलेली, आणि पाठीमागे तीच फडक्यात रक्त ओकत पडलेली. पुढे तर त्या घराला नवा खेळ सापडला. नवखा पाहुणा चित्राला खरी मुलगी समजून टोपी काढून नमस्कार करी आणि सर जर्व्हिस मांडीवर थाप मारून हसत. मेजवानीचे खरकटे दुसऱ्या दिवशी कुजते ना, तसा त्या हसण्याला मला वास यायचा.

थंडीत डॉर्कस गेली. घरी पाहुणे होते, म्हणून तिची शवपेटी मागच्या खोलगट वाटेने काढली. त्या वाटेने कोळसा आत यायचा आणि उकिरडा बाहेर जायचा. नेमके त्याच वेळी हिरवळीवर एका जाड्या पाहुण्याने माझ्याकडे बघून टोपी काढली आणि सगळे खो खो हसले.

पेटीमागे चालणाऱ्या हेप्सीने ते हसणे ऐकले. ती वाट सोडून वर चढली आणि मोलकरणींना बंदी असलेल्या हिरवळीवरून सरळ चालत आली.

"टोपी घाला, साहेब," ती म्हणाली. "ती तिथं बसलेली नाही. ती मागच्या वाटेनं चाललीय."

सर जर्व्हिस घसा खाकरून म्हणाले, "चला, आत जाऊ. गारठा फार आहे." हेप्सीला त्याच संध्याकाळी कामावरून काढून टाकले.

मित्रांनो, आता हे घर बघायला लोक तिकीट काढून येतात. तज्ज्ञ मंडळी कापसाच्या बोळ्याने डॉर्कसचे गाल पुसतात, उडालेला निळा रंग भरतात. "ही गोड मुलगी कोण हो?" असे कुणी विचारले की वाटाड्या सांगतो, "कुणी नाही, चित्रकाराची कल्पना." मागच्या खोलीला कुलूप आहे.

जुन्या वस्तूने शेवटी म्हणायचे असते, मला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला पुरे झाले हे जपणे. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी गवंडी झाले तर इकडे या. ती पोर हळूच उतरवून घ्या, तिचे नाव डॉर्कस आहे असे खाली लिहा आणि मग मला खुशाल फोडा. त्या खोलीत अजून एकदाही ऊन पडलेले नाही.