विहीर आमच्याकडे येत नाही

जिन्यातला दिवा गेला होता. सगळी इमारत रोज त्याच जिन्यावर ठेचकाळत होती, पण दिवा काही बदलला जात नव्हता. खालच्या मजल्यावरचे म्हणत, "आम्ही कुठे जिना चढतो? वरच्यांनी बघावं." वरचे म्हणत, "दिवा आहे खालच्या मजल्यावर, खालच्यांनी बघावं." भाडेकरू मालकाकडे बोट दाखवत, मालक विजेच्या माणसाकडे. आणि मंडळी, एवढी बोटं आपल्यावर रोखलेली असताना तो दिवा बिचारा निवांत विझून बसला होता.

"अहो, बाजारातून येताना एक दिवा आणाल का?" वरच्या मजल्यावरची बायको एका संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली.

"तो आपल्याकडे येत नाही," नवरा म्हणाला आणि अंधारात पुढची पायरी पायाने चाचपू लागला.

हे वाक्य त्याच्या जिभेवर मुक्कामालाच होतं. नगरपालिकेच्या पाणी विभागात तो तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. माणूस वाईट नव्हता हो! कामावर वेळेवर यायचा, कोणाच्या चहालाही मिंधा नव्हता, कोणावर आवाज चढवायचा नाही. पण नळ कोरडा पडला म्हणून कोणी आलं, की तो मान किंचित कलती करून मऊ आवाजात म्हणायचा, "हे आमच्याकडे येत नाही. नळजोडणीवाल्यांना भेटा." नळजोडणीवाले रस्तेवाल्यांकडे पाठवायचे आणि रस्तेवाले पुन्हा याच खिडकीशी. फिरून फिरून माणसाच्या चपला झिजायच्या, घसा मात्र कोरडाच.

एका शुक्रवारी त्याच्यापुढे एक कागद आला. बाजारामागची 'माईची विहीर' बुजवून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करायची होती. कोणाची हरकत आहे का, एवढंच विचारलं होतं. बांधकामवाल्यांनी लिहिलं होतं, विहीर जुनी आहे, पुराणवस्तूवाल्यांनी बघावं. पुराणवस्तूवाल्यांनी लिहिलं होतं, तिथे लोक हात जोडतात, धर्मस्थळांचं काम बघणाऱ्यांना विचारावं. त्यांनी लिहिलं होतं, विहीर म्हणजे पाणी, तेव्हा पाणी विभाग. आता कागद शेवटच्या टेबलावर येऊन थांबला होता. चहाच्या दोन घोटांमध्ये आमच्या कारकुनाने लिहिलं, 'सदर विहीर या विभागाकडे येत नाही. हरकत नाही.' ठप्प! शिक्का बसला. सोमवारी सकाळी मलब्याचे ट्रक रिकामे होणार, हे ठरून गेलं.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी विषय काढला. गुडघे दुखू लागल्यापासून त्या लेकीकडेच राहत होत्या.

"जावईबापू, रविवारी सुट्टी ना तुम्हाला? मला जरा माईच्या विहिरीवर न्या."

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. "तिथे काय आहे बघण्यासारखं, आई?"

"तुम्ही पाहिलीय?"

"नाही."

"मग बघण्यासारखं काही नाही, हे कोणी सांगितलं? शिक्क्याने?"

सासूबाईंना कागदाचा पत्ताही नव्हता. त्या आपल्या सवयीने बोलल्या होत्या. तरी जावयाने पाण्याचा पेला तोंडाला लावला, तो लवकर खाली ठेवला नाही.

रविवारी सासू-जावई निघाले. बाजाराच्या मागच्या गल्लीत चष्म्यांचं दुकान होतं, मग गाद्या-सोफ्यांचं, मग गॅरेज, आणि त्यापलीकडे ती. दगडी पायऱ्या खाली खाली उतरत गेलेल्या, भिंतीत दिवे ठेवायचे कोनाडे. पूर्वी लांबलांबून लोक या विहिरीच्या पाया पडायला यायचे. कोणे एके काळी कोणी एक संतबाई, जिला सारे नुसती माई म्हणत, इथे काठावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजत असे, एवढंच लोकांना ठाऊक होतं. आता त्या कोनाड्यांत बाटल्या होत्या. पायऱ्यांवर फाटक्या गाद्या, सोफ्याचा सांगाडा, देवादिकांच्या फुटक्या तसबिरी. कपड्यांच्या दुकानातल्या पुतळीचा एक तुटका हात कचऱ्यातून वर आला होता, जणू बुडणारं कोणी मदत मागतंय. आणि या सगळ्याच्या माथ्यावर नगरपालिकेची स्वतःची पाटी आडवी पडली होती, 'येथे कचरा टाकू नये.'

काठाशी मलब्याचे ट्रक आधीच येऊन उभे होते.

सासूबाईंनी चपला काढल्या. हळूच वाकून एक खडा उचलला आणि खाली सोडला. डुबुक व्हायला हवं होतं. कुठल्याशा डब्यावर तो खट् करून आपटला. म्हातारीचा चेहरा असा उतरला, की जावयाला नजर कुठे ठेवावी कळेना.

"तुमची बायको ना, जावईबापू," त्या काठावर टेकत म्हणाल्या, "या पाण्यावर वाचलीय."

"म्हणजे?"

"मुलगी झाली म्हणून सासरच्यांनी मला बाहेर काढलं, तेव्हा ती ओंजळीएवढी होती. भर उन्हात या गावात आले. अंगावर दूध नाही, पोर रडायचीही थांबली होती. ज्या दाराशी जावं, तिथून एकच उत्तर, 'पुढे जा बाई.' पुढे जाता जाता इथे पोचले. कोणी एक बाई पाणी शेंदत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोहरा माझ्या ओंजळीवर कलता केला. कोण, कुठली, कोणाची, काही नाही! मी प्यायले, पोरीच्या ओठांवर थेंब सोडले. तिने ओठ हलवले. तेवढं बघितलं आणि मी इथेच बसून हमसाहमशी रडले."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"लेकीला काय सांगू, तू नकोशी होतीस म्हणून? पण आता वाटलं, एकदा येऊन हात जोडावेत."

तेवढ्यात मागच्या वस्तीतली एक बाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन आली. याला बघून थबकली आणि मागे वळून ओरडली, "अगं ए, या गं! येतनाही साहेब आलेत!"

"कोण साहेब?" सासूबाईंनी कान टवकारले.

"हे काय, हेच! पाणी विभागाच्या खिडकीतले. सगळं गाव येतनाही साहेब म्हणतं. बाकी काही म्हणा, बोलतात गोड हो! आमच्या नळाला किती महिने थेंब नाही, पण यांनी एकदाही रागाने हाकललं नाही. हसून हाकललं."

कारकुनाचे कान तापले. सवयीने तोंड उघडलं, "बाई, तो नळ आमच्याकडे..." आणि वाक्य अर्ध्यात राहिलं. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या.

"आई, खरं सांगतो," तो बाई गेल्यावर म्हणाला, "परवा माझ्याकडे कागद आला होता. ही विहीर उद्या बुजणार. मी लिहिलं, आमच्याकडे येत नाही. पण नियमाने ती खरंच येत नाही हो!"

सासूबाईंनी काठाच्या दगडावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. विहीर कधी कोणाकडे येते का? विहिरीकडे आपण जायचं असतं, जावईबापू!"

तो त्यांच्या शेजारी काठावर टेकला.

"त्या बाईने 'ही बया माझ्याकडे येत नाही' म्हटलं असतं, तर आज तुमच्या घरात दिवा लावायला कोणी नसतं. माई कोण होती, तिचे चमत्कार काय, मला ठाऊक नाही. पण ही जागा पवित्र का, ते ठाऊक आहे. इथून कोणालाच 'पुढे जा' म्हटलं गेलं नाही. आणि आता तुम्ही सगळे मिळून हिलाच म्हणताय, पुढे जा!"

सोमवारी कचेरी उघडताच तो मोठ्या साहेबांच्या दाराशी उभा होता.

"साहेब, विहिरीच्या कागदावर माझं चुकलं. ती माझ्याकडे येते."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. "शुद्धीवर आहात ना? उद्या कोणी पायरीवरून पडलं, आत साप निघाला, तर जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"आणि पाणीच नसेल तर?"

"तर ट्रक आहेतच, साहेब. पण एकदा बघू तर द्या."

"रविवारपर्यंत. पाणी दिसलं तर विहीर, नाही तर भराव. आणि विभागाचं एकही माणूस मिळणार नाही, सांगून ठेवतो!"

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर तो घमेलं घेऊन पायऱ्या उतरला. सासूबाई काठावर खुर्ची टाकून बसल्या. येणारेजाणारे थांबत होते.

"नगरपालिकेचं काम का हो?"

"नाही."

"मग कोणाचं?"

"माझं," तो म्हणाला. ते ऐकून लोक हसले आणि निघून गेले. पहिल्या संध्याकाळी त्याने कंबर मोडेपर्यंत कचरा वाहिला, पण विहिरीला त्याचा पत्ताही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बायको पदर खोचून हजर! आईने आदल्या रात्री तिला सगळं सांगितलं होतं. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र खणखणीत. "व्हा बाजूला. ही विहीर तुमच्याकडे परवा आली असेल. माझ्याकडे ती मी पाळण्यात असल्यापासून आहे!"

मग हंडेवाली बाई वस्तीतल्या जावा-नणंदांना घेऊन आली. काठावर बसलेल्या सासूबाई कोणालाही तसंच जाऊ देत नव्हत्या. "काय रे, सोफेवाला ना तू? तो सांगाडा ओळखीचा वाटतोय का बघ बरं!" सोफेवाला ओशाळला, खाली उतरला आणि आपलं पाप आपल्याच खांद्यावर घेऊन वर आला. गॅरेजवाल्याने दोरखंड आणले. चष्मेवाल्याने फुटक्या तसबिरींच्या काचा जपून गोळा केल्या. एका संध्याकाळी कचेरीतली मंडळीही चेष्टा बघायला आली आणि चिखलात भरून गेली. पायऱ्यांवर माणसांची रांग लागली. घमेलं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या हातातून तिसऱ्याच्या!

"साहेबांचा हात बघा कसा चालतोय," बांधकाम विभागाचा कारकून ओरडला. "टोलवायची सवयच आहे!"

सगळी विहीर हसली. येतनाही साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले.

पण मंडळी, हसण्याने पाणी येत नाही. रविवार उजाडला तेव्हा कचरा संपला होता आणि तळाशी नुसता काळा, घट्ट गाळ होता. दुपार झाली. मोठे साहेब येऊन काठावर उभे राहिले. ट्रकवाल्यांनी इंजिनं सुरू केली. रांगेतले हात मंदावले. "आटली असेल हो," कोणीतरी हळूच म्हणालं. "इतक्या वर्षांनी कुठलं पाणी?"

कारकून फावडं चालवत राहिला. घाम डोळ्यांत जात होता की डोळ्यांतून येत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. वर खुर्चीत म्हातारीने डोळे मिटून घेतले होते.

"अहो," शेजारी गाळात उभी असलेली बायको एकदम म्हणाली, "माझा पाय गार पडतोय."

"दमलीस. वर जा."

"दमले नाही हो! गार लागतंय. खालून!"

त्याने तिच्या पायाखालचा गाळ हातांनी उपसला. दोन दगडांच्या सांध्यातून एक बारीक, चकचकीत धार निघाली. आधी काळी, मग करडी, मग बघता बघता काचेसारखी लखलखीत!

"पाणी!"

पायरीपायरीने तो शब्द वर चढला. पाणी! पाणी! बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. सोफेवाला गाळातच फतकल मारून बसला. ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली आणि तेही धावत खाली आले. खळगा भरला, पाणी निवळलं, आणि पहिला पोहरा हातोहात वर सासूबाईंपर्यंत गेला.

त्यांनी तो हंडेवालीच्या रिकाम्या हंड्यात ओतला. आजूबाजूला एवढा गलका, पण त्यांचा थकलेला गळा गुणगुणू लागला, तसे सगळे शांत झाले.

'विहीर कोणाची गं, नको पुसू बाई,
येईल त्याची माई होते पाणी.'

पुढच्या आठवड्यात पाणी विभागाने ते तपासलं, वस्तीपर्यंत नळी टाकली. पण त्या दुपारी मोठे साहेब घसा खाकरून एवढंच म्हणाले, "ट्रक जातील. पण यापुढे हिची निगा कोणाकडे?"

"माझ्याकडे!" हंडेवाली ओरडली. "माझ्याकडे!" सोफेवाला, गॅरेजवाला, काठावरचे, पायऱ्यांवरचे, सगळे. इतके चिखलाचे हात वर झाले, की साहेबांनी आपलाही एक स्वच्छ हात हळूच वर केला.

वाचकहो, आपल्याही गल्लीत अशी एखादी विहीर असेल. विहीर नसेल तर वाचनालय असेल, झाड असेल, एकटं पडलेलं म्हातारं माणूस असेल. जे कोणाच्याच वाट्याचं नाही असं आपण म्हणतो, ते खरं तर सगळ्यांच्या वाट्याचं असतं. आणि जे सगळ्यांचं असतं, त्याच्याकडे आधी कोणीतरी एकाने उठून चालत जावं लागतं.

सोमवारी तक्रारींच्या खिडकीशी एक आजोबा आले. काठी भिंतीला टेकवत, आधीच हार मानलेल्या आवाजात म्हणाले, "साहेब, चौकातली गळकी टाकी... मला माहीत आहे, ती तुमच्याकडे येत नाही, पण..."

कारकून खुर्चीतून उठला आणि ती खुर्ची त्याने खिडकीबाहेर आजोबांपुढे नेऊन ठेवली.

"तुम्ही आलात ना, आजोबा? बसा. म्हणजे तीही आली!"