झुलालभाऊंचा पुढचा दात

पाचोऱ्याचे झुलालभाऊ मिसरूड फुटल्यापासून लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आले. हे वाद्य वाजवताना वरच्या पुढच्या दातांवर टेकतं, आणि नेमका त्यातलाच एक दात वरणासोबतच्या बट्टीचा कडक तुकडा चावताना मोडला. हिरडीजवळ नखाएवढा खुंट उरला. मुलीचं, दिपमालाचं, लग्न महिन्यावर आलेलं. तिची अट एकच होती, "आप्पा, साऱ्या जगाच्या लग्नात वाजवलंत. माझ्या लग्नातही वाजवायचं."

मेहुणे प्रेमराज वैतागले. "दात उपटून टाका. आणि नवरीचा बाप कधी बँडमध्ये उभा राहतो का? व्याही काय म्हणतील?"

झुलालभाऊंनी सरळ जळगावची गाडी पकडली आणि डॉ. शिल्पा यांचा दवाखाना गाठला. शिल्पाने नुकताच स्वतःचा दवाखाना थाटला होता.

"डॉक्टरताई, माले पोरना लगनमा वाजाडनं शे," खुर्चीत बसता बसता ते म्हणाले.

शिल्पाने एक्स-रे पाहिला. त्या दाताचं रूट कॅनल पूर्वीच झालेलं होतं. "भाऊ, मूळ चांगलं आहे, उपटायचं कशाला? मुळाच्या आत फायबरची बारीक काडी चिकटवू, तिच्यावर दात बांधू आणि वरून कॅप बसवू."

"लोखंडाची काडी नको का? मजबूत राहील."

"लोखंड वाकत नाही, मग जोर आला की मूळच चिरतं. फायबर दातासारखं थोडं लवतं."

पुढच्या खेपेला तिने दाताभोवती रबराचा पडदा ताणला, मुळातली नळी साफ करून कोरडी केली, रेझिनचं सिमेंट भरलं, काडी बसवली आणि सिमेंट घट्ट करणारा निळा दिवा धरला. मग खात्री करायला चिमट्याने हलकेच ओढलं. काडी अलगद हातात आली. सिमेंट चिकट, ओलं, कच्च्या पाकासारखं.

सगळं नीट केलं होतं की! शिल्पाने मास्क खाली करून काडी नाकाशी नेली आणि रबराचा पडदा काढला.

"भाऊ, लवंगेचं तेल लावलंत?"

झुलालभाऊ ओशाळले. "रोज रातले तेलना कापूस ठेवू. खुंटले वास येस म्हनीसन लाई दिधं."

शिल्पाला हसू फुटलं. "लवंगेच्या तेलाने हे सिमेंट घट्ट होत नाही हो! चूक माझी, आधी विचारायला हवं होतं."

"मंग दात गया?"

"कुठे जातोय! आजचं सिमेंट काढून नळी पुन्हा साफ करते. पुढच्या आठवड्यात परत चिकटवू. तोवर लवंग घरात नको."

"मसाल्यात चालेल का?" त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की मदतनीस ज्योतीच्या हातातला ट्रे हसण्याने हलू लागला.

पुढच्या आठवड्यात शिल्पाने नळीच्या भिंती घासल्या, स्पिरिटने धुतल्या, कागदाच्या बारीक वातींनी पुसल्या. काडी बसली. या वेळी ओढताना चिमटा घसरला, पण काडी जागची हलली नाही. पुढे दात बांधून कॅपही झाली.

"आता वाजवून बघा, हळू," ती म्हणाली.

झुलालभाऊंनी पिशवीतून क्लॅरिनेट काढलं. पहिला सूर फाटला, दुसरा जरा थरथरला, तिसरा मात्र लांब आणि स्वच्छ निघाला. बाहेर गाल धरून बसलेली एक बाई दारात येऊन उभी राहिली. शिल्पाने झुलालभाऊंना थांबवलं नाही.

लग्न धुळ्याला होतं. वरात कार्यालयापाशी आली आणि झुलालभाऊ फेटा बांधून बँडमध्ये शिरले. प्रेमराजांनी डोक्याला हात लावला. व्याही अमृतभाऊ क्षणभर थबकले. "अरे, हे तर आपले व्याही!" म्हणत ते पुढे आले. प्रेमराज माफी मागायच्या तयारीतच होते, तोवर अमृतभाऊंनी शालीची घडी खांद्यावरून काढून प्रेमराजांच्या हातात दिली, बाह्या सारल्या आणि नाचायला सुरुवात केली. मग वऱ्हाडात नाचायचा कोण राहिला?

आत नवरीला खोलीत बसवून ठेवलं होतं. खान्देशी हळदीच्या गाण्याची चाल कानावर आली तशी दिपमाला उठली. "नवरीने बाहेर जायचं नसतं," कुणी मावशी म्हणाली. तोवर ती हिरवा शालू सावरत दारात पोहोचलीही होती. बापाची नजर तिच्यावर गेली. गाल फुगलेले असल्यामुळे त्यांना हसता येईना, म्हणून त्यांनी नुसत्या भुवया उडवल्या आणि सूर आणखी वर नेला.