टपावरची धूळ

"गाडी नवीन आहे साहेब, इंजिन अजून नीट बसायचंय, रुळेल हळूहळू," बर्फ म्हणाला आणि समोरच्या माणसापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

समोरचा माणूस कापडाचा दुकानदार होता आणि बाहेर त्याच्या नव्याकोऱ्या एसयूव्हीच्या बॉनेटमधून वाफ निघत होती. चढावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकतो, इंजिन थंड ठेवणारं टाकीतलं पाणी, म्हणजे कुलंट, कुठे जातं कळत नाही, हे सगळं तो आधीही येऊन सांगून गेला होता. या वेळी तो काउंटरवर हात आपटून सांगत होता. बर्फाने त्याला पुरतं बोलू दिलं. मध्ये तोंड घातलं की गिऱ्हाईक जास्तच पेटतं, हा त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव. शेवटी दुकानदार ग्लास रिकामा करून सोफ्यावर जाऊन बसला, तिथे आणखी काही मालक आपापल्या गाड्यांची वाट पाहत बसलेच होते.

सर्व्हिस सेंटरमध्ये बर्फाचं खरं नाव बहुतेकांच्या स्मरणातून गेलं होतं. कोणी तापलं की मॅनेजर केबिनमधून म्हणायचा, "बर्फाला पाठवा." हे मॉडेल बाजारात आल्यापासून तर त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. गाडी आत घ्यायची, कुलंट खुणेपर्यंत भरायचं, वरून धुऊनपुसून परत द्यायची, अशी इथली रीत होती. चकचकीत गाडी पाहून माणूस निम्मा निवतो. खोट वॉटर पंपात आहे हे आतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सुधारलेला पंप कंपनीकडून येणार होता, आणि तो कधीचा येतच होता. तोवर इंजिन बसायचंय हे वाक्य सगळ्यांना वाटून दिलेलं होतं.

बर्फाला याचं फार वाईट वाटायचं असं नाही. नोकरी म्हटली की चार वाक्यं पाठ करावी लागतातच. त्याच्या जिवाला घोर होता तो एकाच गाडीचा, आणि ती गाडी ताईची होती.

आई लवकर गेल्यावर या मोठ्या बहिणीनेच त्याला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलं होतं. तीच ताई पन्नाशी ओलांडल्यावर गाडी शिकली. भाऊजींनी थट्टा केली, शेजारच्या भिंतीला आधीच गाद्या बांधून ठेवा म्हणाले. पण ती शिकली आणि बऱ्यापैकी चालवू लागली. गाडी कोणती घ्यायची यावर तिने कोणाचंच ऐकलं नाही. बर्फाला ती बाळ्या म्हणायची. बाळ्या म्हणेल ती, एवढंच म्हणाली. आणि बाळ्याने मोठ्या तोऱ्यात हीच सांगितली, कारण तेव्हा वाफा सुरू व्हायच्या होत्या.

दर रविवारी ताई आणि भाऊजी त्याच्याकडे जेवायला यायचे. ताई गाडीतून उतरली की तो हात पुढे करायचा. "किल्ली दे, जरा धुऊन आणतो." इमारतीच्या मागे नेऊन बॉनेट उघडायचा, लपवलेला कुलंटचा कॅन काढून टाकी भरायचा, काचांवरून ओलं फडकं फिरवायचा आणि शीळ घालत जिना चढायचा. आपल्या शब्दावर घेतलेल्या गाडीने ताईला खाली बघायला लावू नये, इतकाच त्याचा हेतू होता. पंप आला की एखाद्या रविवारी गुपचूप बदलून टाकू, झाकली मूठ झाकलीच राहील. एकदा जेवताना सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण ताई त्याच्या बायकोला सांगत होती, की बाकीच्यांच्या गाड्या रोज दवाखान्यात आणि माझीची साधी कुरबूरसुद्धा नाही. त्याचा घास तोंडातच फिरत राहिला.

मग ताई आणि भाऊजी मुलीकडे गेले, डोंगरापलीकडे. चार दिवसांचं म्हणून गेले आणि नातवंडाच्या तापामुळे राहिलेच. रविवार चुकत गेले. फोनवर बर्फ म्हणणार होता की निघायच्या आधी पाणी बघ. म्हणाला तो एवढंच, की हळू चालव.

"बर्फाला पाठवा," दुकानदार अजून सोफ्यावरच होता, तेवढ्यात मॅनेजरचा आवाज आला.

बर्फ काउंटरमागून बाहेर आला. दाराशी गाड्या ओढून आणणारा ट्रक उभा होता, त्याच्यावर ताईची गाडी. ताई सोफ्याच्या कडेला, मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती, परक्याच्या घरी बसावं तशी. भाऊजी उभे होते.

"तू कशी इथे? फोन का नाही केलास?"

"काय तोंड दाखवू तुला?" ताई म्हणाली. "एवढी चांगली गाडी निवडून दिलीस आणि मी इंजिन जाळलं."

झालं ते भाऊजींनी सांगितलं. चढाच्या मध्यावर लाल दिवा लागला. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, मागे गाड्यांची रांग. थांबायला जागा मिळेपर्यंत ताईने दोन वळणं तशीच काढली आणि गाडी गचका देऊन बंद पडली. सेंटरच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिलं आणि मान हलवली. मॅनेजरचा निकाल तयारच होता. दिवा लागल्यावर गाडी चालवली, ही मालकाची चूक, वॉरंटीत बसत नाही. शिवाय आजवर या गाडीची एक तक्रार नाही, म्हणजे गाडीत दोष नाही, तो चालवणाऱ्यात आहे.

"मी सांगत होतोच," भाऊजी म्हणाले, "या वयात हे खूळ नको."

ताईने पर्समधून किल्ली काढली आणि काउंटरवर भाऊजींच्या पुढ्यात ठेवली. "तुमचंच खरं. आजपासून मी नाही बसायची स्टिअरिंगवर."

इंजिनाचं काय, ते बदलता येतं. पण ताई असं मान खाली घालून बोललेली बर्फाने आई गेली तेव्हासुद्धा पाहिली नव्हती.

दुकानदाराला राहवलं नाही. "बाई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? ही गाडी पाणी पितेच. माझी तर सारखी पिते. इथे भरतात, वरून धुऊन देतात, की झालं काम."

"माझी नाही हो पीत," ताई म्हणाली. "माझा भाऊ इथेच आहे, तो दर रविवारी स्वतः..." आणि ती थांबली. तिने बर्फाकडे पाहिलं.

"टपावरची धूळ तशीच असायची, बाळ्या. धुऊन आणायचास तरी. मला वाटायचं, आठवडाभर दमतो, हात पोचत नसेल. म्हणून कधी बोलले नाही."

तापलेल्या माणसाला काय सांगायचं हे बर्फाला पाठ होतं. पण ताई तापलेली नव्हती, तिला फक्त खरं काय ते हवं होतं. तो मॅनेजरकडे वळला.

"साहेब, ताईची चूक नाही. पाणी मी भरत होतो. गाडी पहिल्यापासून गळते. यांचीही गळते, बाहेर उभ्या आहेत त्या सगळ्याच गळतात. पंपच तसा आहे."

मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, केबिनमध्ये ये. पण सोफ्यावरच्यांनी ऐकायचं ते ऐकलं होतं, आणि ते सगळे उठून बर्फाच्या आधी केबिनच्या दाराशी पोचले. असं झालं की इतके महिने न सापडणारा पंपही सापडतो. तो पुढच्याच आठवड्यात आला, आणि ताईच्या गाडीला इंजिनही कंपनीने दिलं. बर्फाला काउंटरवरून काढून धुलाईला टाकलं. नोकरी गेली नाही यातच आनंद मानायचा, असं त्याच्या बायकोचं मत पडलं. मिस्त्री म्हणाला, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" आणि पाण्याचा पाइप त्याच्या हातात दिला.

ताईने त्या दिवशी काउंटरवरची किल्ली उचलली, ती भाऊजींच्या हाताला लागू न देता. बर्फाशी मात्र ती एक शब्दही बोलली नाही. रविवारी तिच्या वाटणीची भाकरी बायको करायची आणि ती उरायची. त्याने फोन केला तर भाऊजी उचलायचे, हवापाण्याचं बोलून ठेवायचे.

मग एका रविवारी खाली ओळखीचा हॉर्न वाजला. बर्फ चप्पल न घालताच जिना उतरला. स्टिअरिंगवर ताई होती, भाऊजी शेजारी पट्टा आवळून बसले होते. तिने आरशात बघून गाडी नीट मागे घेतली, उभी केली, उतरली. बर्फाने सवयीने हात पुढे केला.

"किल्ली दे, जरा धुऊन आणतो."

ताईने किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"धुवायला किल्ली कशाला लागते?" ती म्हणाली आणि जिना चढू लागली.

बर्फ वर जाऊन बादली आणि स्टूल घेऊन आला. स्टुलावर चढला आणि टपापासून सुरुवात केली.