नाव वगळून

सिस्टर तेरेआपी दारातूनच ओरडत आत आली. नूरोआच्या तोंडात पपईची फोड तशीच राहिली.

"आग लाव तुझ्या त्या यंत्राला! मितिआरो बेटावरच्या बाईचा निरोप पुन्हा अर्धाच आलाय."

"माझं यंत्र कुठलं, सिस्टर? मी आले तेव्हा हे असंच होतं."

ते खरं होतं. राजधानीतल्या, आवारुआतल्या या ऑफिसातून 'फोनवरचा डॉक्टर' चालायचा. दूरच्या बेटांवरच्या माणसांनी फोनवर खातं उघडून आपलं दुखणं लिहायचं, ते इथल्या सर्व्हरवर यायचं, आणि सिस्टरने ते वाचून उत्तर द्यायचं. चालायचा म्हणजे, त्याच्या मनात असेल तेव्हा. ज्या पठ्ठ्याने तो बांधला तो सिडनीला निघून गेला, आणि जाताना मागे एक मोडकी खुर्ची ठेवून गेला. कोणता निरोप आला, कोणता वाटेतच गळाला, याची नोंद ठेवायची त्याला कधी गरज वाटली नाही. आता निरोप हरवला की कुठे हरवला हे सांगणार कोण?

सिस्टरने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "नाव सांगणार नाही मी. बाईच्या छातीत गाठ आहे. घरात कुणाला बोललेली नाही. मी फोटो मागितला, तर तो येतच नाही. ती पाठवते आणि मी वाट बघत बसते. मला एकदा गाठ दिसू दे, गुरुवारच्या विमानात बसवून इथे आणते तिला. पण ती आता कंटाळली ना, तर पुन्हा विचारायची नाही. या बायका मला ठाऊक आहेत. मी त्यांच्यातलीच."

नूरोआ कामाला लागली. ती ऑकलंडात वाढलेली, शिकलेली. आईचे गुडघे गेले म्हणून इथे, रारोटोंगा बेटावर परतली होती. हात मात्र चलाख. तिने असं करून ठेवलं की सर्व्हरच्या दारात आलेल्या प्रत्येक निरोपामागे लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, एक ओळ पडावी: केव्हा आला, कोणत्या बेटावरून, बाई की पुरुष, वय काय, तक्रार कशाची, फोटो केवढा, आणि शेवटी काय झालं. नाव आणि फोन नंबर तिने आठवणीने गाळले. शिकवलंच होतं तसं, आणि त्यात तिला अभिमानही होता. ऑकलंडात बावन्न वर्षांची बाई म्हटलं तर शोधून शोधून कुणाला शोधणार? एका रस्त्यावरच डझनभर निघतील.

हेडसाहेब पापा तेकेउ (इथे वडीलधाऱ्याला पापाच म्हणतात) यांना ते भारीच आवडलं. तिच्या संगणकावरून ओळी सरकताहेत, पोचलेल्या हिरव्या, अडकलेल्या लाल. "भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लाव, पोरी! आपण काय करतो ते दिसू दे की लोकांना. नाहीतर म्हणतात, तेकेउ बसून नारळपाणी पितो."

"पिताच की, पापा."

"पितो. पण काम करून पितो!"

दुपारीच चोर सापडला. मितिआरोवरून आलेली ओळ लाल पडली होती: फोटो मोठा, परत पाठवला. सिडनीवाल्याने फोटोच्या आकाराला मर्यादा घालून ठेवली होती, आणि परत पाठवल्याचं त्या बाईला कळवायची तसदीसुद्धा घेतली नव्हती. नूरोआने त्याला चार शिव्या हासडल्या आणि मर्यादा वाढवली. संध्याकाळी तीच ओळ हिरवी झाली. सिस्टरने फोटो पाहिला आणि पुढच्या गुरुवारच्या विमानात एक जागा धरली. बाईचं उत्तर आलं: येते.

नूरोआला इतका आनंद झाला की ती घरी जाताना स्कूटरवर मोठ्याने गात गेली.

पापा तेकेउ मात्र पडद्यासमोरून उठले नव्हते. ते मूळचे मितिआरोचे. अख्ख्या बेटावर माणसं ती किती, चर्च भरलं तरी मागचे बाक रिकामे. त्यांनी ओळ वाचली: मितिआरो, स्त्री, बावन्न, छातीत गाठ. बावन्नच्या बायका त्यांनी मनातल्या मनात मोजल्या. एक ऑकलंडला लेकाकडे, एक गेल्या वर्षी वारली. उरली राउमेआ, त्यांची सख्खी चुलत बहीण. लहानपणी दोघांनी एकत्र तळ्यात बामा, ते सापासारखे लांब मासे, पकडलेल्या. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. व्हरांड्यात जाऊन त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. भाऊ मितिआरोच्या चर्चमध्ये डीकन, रविवारची प्रार्थना तोच चालवायचा.

सोमवारी ते ऑफिसात आले ते उजळलेल्या चेहऱ्यानेच.

"काल काय प्रार्थना झाली म्हणून सांगू! अख्खं चर्च उभं राहिलं. भावाने तिचं नाव घेऊन देवाकडे मागितलं, गाठीचं सगळं सांगून. बायका तर ओक्साबोक्शी रडल्या."

"कुणाचं नाव?" नूरोआने विचारलं.

"राउमेआचं! तुझ्या पडद्यावरची ती."

नूरोआ झटकन पडद्याकडे वळली. "पापा, मी नाव गाळलं होतं."

"मग? मला काय नाव लागतं? माझ्या बेटावरची माणसं मी वयावरून ओळखू नको?"

तिला त्यांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. नाव खोडलं की माणूस लपतो, हे तिने कुठल्या शहरात शिकून इथे आणलं होतं? वय आणि बेट दोन्ही तिनेच ठेवली होती, हरवलेला निरोप शोधायला सोपं जावं म्हणून. पडदाही तिनेच लावला होता.

तेवढ्यात भिंतीवर नवी ओळ सरकली. मितिआरो, स्त्री, बावन्न. खातं काढून टाकण्याची विनंती. यशस्वी.

ओळ हिरवी होती. एकही चूक नाही. "बघ," पापा म्हणाले, "आता कसं सुरळीत चालतंय!"

नूरोआने पडदा बंद केला.

सिस्टरने लिहिलं, पण लिहायचं कुणाला? खातंच नव्हतं. घरी फोन केला तर राउमेआच्या भावजयीने उचलला. ती बरी आहे, तळ्यावर गेलीय, देव पावला, असं म्हणून ठेवला.

तरी गुरुवारी तिघंही विमानतळावर गेली. पापांच्या हातात बायकोने ओवलेला टिआरेच्या पांढऱ्या फुलांचा हार. विमानातून एक मास्तर उतरले, एक बाळंतीण उतरली, दोन पोती खोबरं उतरलं. मग वैमानिकाने एक थंड पेटी काढून पापांच्या हातात दिली. आत बर्फात बामा. वर चिठ्ठी: तेकेउ दादाला. प्रार्थनेबद्दल सगळ्यांचे आभार. मी अगदी ठणठणीत आहे.

पापांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बघ! बामा पकडतेय म्हणजे अंगात ताकद आहे."

सिस्टर त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मी फोटो पाहिलाय, पापा. ती ठणठणीत नाही. आता ती जिवात जीव असेतो कुणाला छाती दाखवणार नाही."

ऑफिसात आल्यावर नूरोआने लॉगमधून वय काढलं, बेट काढलं, तक्रारही काढली. कुठल्याही माणसाचं काही राहिलं नाही. पापा मागे उभे राहून बघत होते.

"असं कोरडं करून टाकलंस तर आजारी कोण ते आम्हाला कळायचं कसं?"

"कळायचं नाहीच, पापा."

"पण आम्ही तिच्यासाठी देवाकडे मागितलं! वाईट काय केलं?"

"तिने देव नव्हता मागितला. तिने डॉक्टर मागितला होता, तोही गुपचूप. मी तिचं गुपित तुमच्या भिंतीवर टांगलं आणि तुम्ही ते चर्चमध्ये नेलंत." नूरोआने कीबोर्ड दूर लोटला. "तिने विश्वास ठेवला हो आपल्यावर!"

पापा मोडक्या खुर्चीत बसले. बराच वेळ हार हातातच होता. म्हातारा वाईट नव्हता, आणि आता त्याला सगळं लख्ख समजलं होतं. तोंड ओंजळीत धरून तो रडला, लहान मुलासारखा, सिस्टरच्या देखत. मग नाक पुसलं, उठला, आणि टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"कुणाला लावताय?" सिस्टरने विचारलं.

"भावाला. चुकलं ते चुकलं. निस्तरायला नको?" पापा नंबर फिरवत म्हणाले. "या रविवारी त्याने सगळ्या चर्चसमोर उभं राहायचं आणि राउमेआची माफी मागायची. नाव घेऊन."