बोटीच्या पोटाखालची फळी

मित्रांनो, बोट दिसली की तुम्ही तिचा रंग बघता, इंजिन बघता, तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचता. ती ट्रेलरवर कशाच्या आधाराने बसली आहे, ते मात्र कोणी वाकून बघत नाही. मी तिथेच होते. बोटीच्या पोटाखालची मी एक फळी. आता जुनी झालेली, कामावरून काढलेली. माझ्या हातून एक फार वाईट गोष्ट घडली आहे. मला तोंड नाही, म्हणून ती आजवर पोटात ठेवली. आता ठेववत नाही.

तलावाकाठच्या एका सुतारकाकांनी मला घडवले. एकाच ओंडक्यातून आम्ही दोघी बहिणी निघालो. मी उजवीकडची, ती डावीकडची. काकांनी आमच्या कडा रंधा मारून गोल केल्या. बोल्टसाठी भोके पाडताना त्यांनी भोकाचे तोंड मुद्दाम रुंद ठेवले, म्हणजे बोल्टचे डोके लाकडात नखभर खाली बसावे. मग आमच्या अंगावर जाड कार्पेट ताणून बसवले, तेही खालून पिना मारून, कारण बोटीला टोचेल असे वर काही ठेवायचे नाही, हा त्यांचा नियम होता.

ट्रेलर न्यायला आलेल्या माणसाला ते म्हणाले, "एक लक्षात ठेव. बोट फळीला घासून खराब होत नाही, वाळूला घासून होते. कार्पेट धुतलं नाहीस तर तो पॉलिश पेपर होतो. आणि नट आवळत जा. गाडी हादरते, नट सैल होतो, बोल्ट डोकं वर काढतो."

"माणसांचंही तसंच असतं काका," तो माणूस म्हणाला, आणि दोघे हसले.

हा माणूस म्हणजे आमचे दादा. धंद्याने गवंडी, दगडी बांधकामात हात बसलेला. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, आणि बोट वहिनींची होती. पलीकडच्या काठावर वस्ती होती, पण दवाखाना नव्हता. आठवड्यातून तीन दिवस वहिनी दवाखान्यातल्या सिस्टरना बोटीने पलीकडे नेत आणि आणत. पाण्यावरून वीस मिनिटे. रस्त्याने तलावाला वळसा घालून चार तास. त्या वीस मिनिटांवर कितीतरी लोकांचा जीव टांगलेला असे.

बोट पाण्यात सोडणे आणि परत चढवणे हे दादांचे काम. ते काम ते इतक्या सावकाश करत की काठावरचे लोक थट्टा करत, "दादा बोट सोडतात की लेक सासरी धाडतात?" ते हसत आणि आपलेच करत. आधी रिकामा ट्रेलर पाण्यात नेऊन आमचे कार्पेट चिंब भिजवायचे. बोट सोडताना ट्रेलर इतका मागे न्यायचा की आम्ही जवळजवळ पूर्ण बुडावे आणि बोट आपण होऊन तरंगावी. परत घेताना इंजिनच्या जोरावर तिला आमच्यावर चढू द्यायचे नाही. पट्टा लावायचा, चरखी हाताने फिरवायची, बोट मधोमध आणायची. घरी आल्यावर नळाखाली आम्हाला धुवायचे. महिन्यातून एकदा पाना घेऊन खाली सरपटायचे आणि सहाही नट आवळायचे.

सहा वर्षे अशी गेली. एकदा शेजारच्या तलावावरचा एक नावाडी आपली बोट दुरुस्तीला न्यायच्या आधी आमच्याकडे आला. आमच्या बोटीखाली आडवा झाला, टॉर्च मारून बघितले आणि म्हणाला, "सहा वर्षांची बोट? हिच्या पोटावर ओरखडा नाही." मित्रांनो, कौतुक बोटीचे होते, पण मी मनातल्या मनात फुलले. आपले काम न दिसणे हेच आमच्या जातीचे बक्षीस.

मग दादांना पलीकडच्या काठावर मोठे काम मिळाले. तिथे दगडी भिंत बांधायची होती, मुक्कामच तिकडे. ट्रेलर त्यांच्या धाकट्या भावाकडे आला. वहिनी त्याला भाऊजी म्हणत, म्हणून आम्हीही भाऊजीच म्हणतो. माणूस वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पुतणीला खांद्यावर घेऊन हिंडणारा, वहिनींना जड डबा उचलू न देणारा. पण त्याच्या अंगात घाई होती. चहा गार व्हायची वाट बघवत नसे, बशीत ओतून फुंकर मारत पिणारा माणूस तो.

पहिल्या महिन्यात त्याने आम्हाला धुतले. दुसऱ्या महिन्यात, आठवले तेव्हा. पुढे आठवणेच बंद झाले. वाळू कार्पेटमध्ये रुतून बसली. भाऊजी बोट कोरड्या फळ्यांवरच चढवू लागला. वहिनींना सांगायचा, "वहिनी, जरा रेस द्या, चढेल वर." वहिनी कचरत. इंजिन गुरगुरे आणि बोट आमच्यावर घसटत येई. मला कार्पेटचे धागे तुटताना कळत. मला वाळू बोटीचे पोट खाताना कळे. मी काय करू शकत होते? मी फळी.

वहिनी एकदा म्हणाल्या, "भाऊजी, हे नट वगैरे बघितलेत का? तुमचे दादा दर महिन्याला आवळायचे."

"दादाला काम नव्हतं म्हणून आवळायचा," भाऊजी म्हणाला. "लोखंड आहे वहिनी, पळून जातंय का?"

लोखंड पळून गेले नाही. वर आले. माझ्या पुढच्या टोकाचा नट खडबडीत रस्त्यावर थोडा थोडा सैल होत गेला. बोल्टचे डोके खालच्या खाचेतून वर सरकले आणि झिजलेल्या कार्पेटमधून बाहेर आले. पहिल्यांदा त्याने बोटीला स्पर्श केला तेव्हा मी थिजले. मग प्रत्येक फेरीला तो एकाच जागी टेकू लागला. आधी रंग गेला. मग रंगाखालचा चकचकीत थर गेला. मग फायबरचे आतले धागे उघडे पडले आणि त्यांत पाणी झिरपू लागले. दुखणे अंगावर काढणारी बाई जशी कोणाला काही सांगत नाही, तशी बोटही बोलली नाही. रोज रात्री ती माझ्यावर बसे आणि तिच्या त्या जखमेतून थेंब थेंब पाणी माझ्यावर गळे. मी ते पाणी पीत राहिले आणि कुजत राहिले. कोणीतरी वाका, कोणीतरी खाली हात फिरवा, एवढेच माझे म्हणणे होते. कोणी वाकले नाही.

'दगडाखाली हात सापडणे' हा वाक्प्रचार तुम्ही शाळेत वाक्यात वापरला असेल. त्या दिवशी दुपारी तो खरा झाला.

फोन पलीकडच्या मुकादमाचा होता. वहिनींनी तो ऐकला आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. भिंतीचा एक दगड बसवताना निसटला होता आणि दादांचा उजवा हात त्याखाली चिरडला होता. तिथून त्यांना आणायला बोटीशिवाय इलाज नव्हता. सिस्टर दवाखान्यातून पेटी घेऊन धावत आल्या. भाऊजीने जीप काढली.

त्या दिवसांत पाणी खूप ओसरले होते. बोट सोडायच्या उताराचे टोक उघडे पडले होते. सावकाश, नीट मागे नेले असते तर बाजूने ट्रेलर पाण्यात नेता आला असता. दोन-तीन मिनिटे जास्त लागली असती. भाऊजीला ती दोन-तीन मिनिटे दोन-तीन वर्षांसारखी वाटली असतील. मी त्याला दोष देत नाही. त्याने चाके कशीबशी पाण्याला लावली, जोरात मागे घेतले आणि एकदम ब्रेक मारला, म्हणजे बोट हिसक्याने घसरून पाण्यात जाईल.

ती गेली. माझ्या पूर्ण कोरड्या अंगावरून, सगळ्या वजनानिशी. बोल्टचे डोके तिच्या कुजलेल्या जागेत रुतले आणि हातभर फाडत गेले. तो आवाज मी ऐकला. इंजिन सुरू झाले होते, म्हणून दुसऱ्या कोणीच ऐकला नाही.

वहिनी आणि सिस्टर निघून गेल्या. मी ट्रेलरवर, अर्धी पाण्याबाहेर, त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. थांबा, असे मला ओरडायचे होते. वहिनी, थांबा. मित्रांनो, ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला सांगता येत नाही, त्याच्यासारखा दुबळा जगात कोणी नसतो.

भाऊजी उतारावर उभा राहिला. वीस मिनिटे जायला, पाच मिनिटे उचलून घ्यायला, वीस मिनिटे यायला, असे तो बोटांवर मोजत होता. पाऊण तास झाला. तास झाला. फोन लागत नव्हता. दीड तासाने लांबवर एक ठिपका दिसला आणि तो हलताना दिसेना. भाऊजी स्वतःशीच म्हणाला, "हळू का येतायत? एवढ्या हळू का येतायत?"

बोट जवळ आली तेव्हा कळले. तिचा मागचा भाग पाण्याच्या पातळीला टेकला होता. इंजिन पाण्यात बुडून बंद पडले होते. वहिनी एका वल्ह्याने, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने, बोट पुढे रेटत होत्या. सिस्टर औषधाच्या पेटीच्या झाकणाने पाणी उपसत होत्या. दादा मध्ये आडवे होते, हात छातीवर बांधलेला, डोळे मिटलेले. भाऊजी कपड्यांसकट पाण्यात शिरला. छातीभर पाण्यात त्याने बोट धरली आणि तळाखाली हात घातला. त्याची बोटे त्या चिरेत गेली. मग त्याने भावाला उचलले.

ट्रेलर सोडून जीप निघून गेली. दोन दिवस आम्ही दोघी बहिणी त्या उतारावरच होतो. समोर आमची बोट उथळ पाण्यात तिरकी बुडून पडली होती. तिसऱ्या दिवशी काठावरच्या लोकांनी तिला आमच्यावर चढवून अंगणात आणले.

दादा वाचले. हात वाचला नाही. मनगटाच्या वरून काढावा लागला. सिस्टरनी अंगणात उभे राहून वहिनींना सांगितले ते मी ऐकले. "डॉक्टर म्हणाले, तास-सव्वा तास आधी आणलं असतं तर कदाचित वाचवता आला असता. कदाचित. नक्की नाही म्हणाले." वहिनींनी दोरीवरचे वाळत घातलेले कपडे काढले, घडी घातली, आणि घडी मोडून पुन्हा घातली. त्यांच्या तळहातांना वल्ह्याचे फोड होते.

दादा घरी आले त्या दिवशी बोट अंगणात ट्रेलरवर होती. भाऊजीने त्यांना खुर्चीवर बसवले आणि समोर उभा राहिला.

"दादा, नट मी आवळले नव्हते. आठ महिने. बोल्ट वर आला होता. बोट त्यानेच फाटली."

दादांनी बोटीच्या तळाकडे बघितले.

"वहिनीला सांगितलंस?"

"त्यांना कळलंय. त्याच म्हणाल्या, दादांना तुम्ही स्वतः सांगा."

"दगड माझ्या हातून निसटला," दादा म्हणाले. "तो तुझ्यावर नाही. पण उशीर तुझ्यावर आहे. त्याचं ओझं मी उचलणार नाही, मला आता एकच हात आहे."

भाऊजी खाली बसला आणि रडू लागला. दादांनी त्याला थांबवले नाही. तो शांत झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "फळ्या बदल. पलीकडची माणसं वाट बघतायत."

भाऊजीने त्याच संध्याकाळी आम्हाला उतरवले. माझी डावीकडची बहीण हातात घेताच मोडली. नव्या फळ्या त्याने स्वतः रंधल्या, भोकांची तोंडे रुंद केली, बोल्टची डोकी खोल बसवली आणि प्रत्येकावर तळहात घासून बघितला. बोटीचा तळ नीट करायला महिना लागला. त्या महिन्यात सिस्टर रस्त्याने वळसा घालून जात होत्या, आठवड्यातून एकदाच. त्या महिन्यात पलीकडच्या वस्तीवर कोणाकोणाला वाट बघावी लागली, हे मला कोणी सांगितले नाही. मी विचार करत राहते.

माझा पुढचा कुजका भाग करवतीने कापला. उरलेल्या भागाखाली चार विटा दिल्या आणि मला भिंतीला लागून ठेवले, बाक म्हणून. सकाळी ऊन येते तेव्हा दादा येऊन माझ्यावर बसतात. डाव्या हाताने पाटीवर अक्षरे गिरवतात. मुकादमाने त्यांना साहित्याची यादी ठेवायचे काम देऊ केले आहे. दमले की ते उजवा, अर्धा राहिलेला हात माझ्यावर टेकवतात. तो अजून ठणकतो. टेकवताना ते जपून टेकवतात.

मी कोण आहे ते त्यांना ठाऊक आहे का, मला सांगता येत नाही. काल वहिनींनी विचारले, "ही फळी फेकून देऊ का? नवा बाक आणू."

"राहू दे," दादा म्हणाले. "बसायला बरी आहे."

मित्रांनो, मी त्यांच्या हाताखाली पडून आहे आणि मला क्षमासुद्धा मागता येत नाही. म्हणून तुमच्याकडे मागते आहे ते क्षमा नव्हे, एक काम. तुमच्या घरी बोट नसेल. पण कशाच्या तरी खाली, जिथे नजर जात नाही तिथे, काहीतरी तुमचे वजन उचलून धरत असेल आणि झिजत असेल. ते स्वतः कधी बोलणार नाही. आज घरी गेलात की वाका आणि तिथे हात फिरवून बघा. उद्या नको. आजच.