सात वर्षांची प्रार्थना

मित्रांनो, नाशिकच्या शरणपुरात वाल्मीक साळवे यांच्या घरी भिंतीला टेकून एक सागवानी पाट उभा असतो. मधोमध दोन खळगे पडलेला. तो मी. ते खळगे गुडघ्यांचे आहेत.

मंगळू सुताराने मला १९९१ साली घडवले आणि वाल्मीक-मालनबाईंच्या लग्नात भेट दिले. आधी माझ्यावर बसून जेवणे होत. मग घरात टेबल आले आणि मी प्रार्थनेच्या कामाला लागलो. रोज पहाटे बायबलमधले वचन वाचून झाले की वाल्मीक माझ्यावर गुडघे टेकत आणि म्हणत, "प्रभू, आजच्या दिवसापुरती बुद्धी दे." भावाशी अबोला धरला होता, तो कसा सोडावा, लहानग्या लेकीला, आरोहीला, कोणत्या शाळेत घालावे, सगळे ते देवाला विचारत. उत्तर मिळाले की उठत आणि तसे वागत. एकदा चर्चचे पाळकसाहेब मला पाहून म्हणाले, "या घरात लाकूड झिजतं, ही चांगली खूण आहे." मला फार अभिमान वाटला.

वाल्मीक अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. १९९७च्या उन्हाळ्यात ते एका दुपारी लवकर घरी आले. शर्टाच्या बाहीवर रक्त होते. घोटीकडचा केरू नावाचा कामगार पत्रे दाबणाऱ्या प्रेसमध्ये सापडून मेला होता. काम भरभर व्हावे म्हणून त्या यंत्राची, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी आदल्या दिवशीच काढली होती. हुकूम मॅनेजरचा होता, पण पाना वाल्मीकच्या हातात होता. पुढे अहवाल तयार झाला. केरू पिऊन आला आणि जाळी त्यानेच काढली, असे त्यात लिहिले होते. वाल्मीकनी त्याखाली सही केली.

सही केल्याच्या दुसऱ्या पहाटे ते माझ्यावर टेकले. "प्रभू, काय करू ते दाखव," एवढेच म्हणाले. त्यानंतर रोज तेच. ते बोलायचे थांबत आणि कान देऊन बसत. अशा वेळी मला वाटे, माझ्यावर दोन नाही, चार गुडघे टेकले आहेत. शेजारी आणखी कोणी तरी आहे आणि तोही उत्तराची वाट पाहतो आहे. मालनबाई खलबत्त्यात शेंगदाणे कुटू लागल्या की प्रेससारख्या त्या आवाजाने वाल्मीक दचकत. शेवटी मालनबाईंनी घरात कुटणेच बंद केले.

वर्षभराने केरूची बायको भागीबाई पत्ता शोधत घरी आली. ती खाली फरशीवर बसू लागली, तेव्हा मालनबाईंनी मला पुढे सरकवले. तिचे ओझे माझ्यावर फारसे जाणवलेसुद्धा नाही.

"दादा," ती म्हणाली, "गावात म्हणत्यात, पिऊन गेला अन् मेला. तुम्ही व्हते ना तिथं? मला येवढंच सांगा, ते पेले व्हते का?"

वाल्मीकनी चहाची कपबशी तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "मी प्रार्थना करतोय, ताई. देव दाखवील तसं सांगेन."

"बरं," भागीबाई म्हणाली. समोर ठेवलेला चहा तिने घेतला नाही.

ती गेली तरी ते विचारतच राहिले. कारखान्यात त्यांना बढती मिळाली, आरोही मोठी झाली, केस पांढरे झाले. पहाटेचा प्रश्न बदलला नाही. मीही रोज ऐकत होतो. मला माझी लाज वाटू लागली.

२००४ सालच्या एका पहाटे ते गुडघे टेकायला आले, तर मालनबाईंनी मला उचलून आपल्या छातीशी धरले होते.

"पाट दे, मालन."

"नाही देणार."

"प्रार्थनेच्या वेळेला हे काय?"

"अहो, स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं मला. देवानं तुम्हाला त्याच दिवशी सांगितलंय. ते तुम्हाला नको आहे, म्हणून तुम्ही पुन्हा पुन्हा विचारताय." त्यांनी मला आणखी घट्ट धरले. "घोटीची पहिली गाडी सहाला आहे."

वाल्मीकनी खुंटीवरचा शर्ट चढवला. मग त्यांनी चपला घातल्या.

परतले ते संध्याकाळी. भिंतीशी बसून त्यांनी मालनबाईंना सांगितले, "गावातल्या चार माणसांना बोलावून सांगितलं. केरू थेंबभरही प्यायलेला नव्हता. जाळी मी काढली. उद्या लेखीही देतो. नोकरी जाईल."

"जाऊ दे. भागीबाई काय म्हणाल्या?"

वाल्मीक फरशीकडे पाहत सांगू लागले. "म्हणाली, 'तुम्ही काहीच बोलले नाय, म्हणून मला ते खरं वाटलं, दादा. सहा वर्षं म्या त्यांच्या नावानं शिव्या दिल्या. फोटोला एक दिस हार घातला नाय.' मग आत गेली आणि ट्रंकेच्या तळातून त्याचा फोटो काढून पदरानं पुसत बसली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

नोकरी गेली. वाल्मीक आता सायकली दुरुस्त करतात आणि पहाटे प्रार्थनाही करतात. क्षमा मागतात, आणि तेव्हा त्यांचा आवाज फार हळू असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा पाट असेल तर तो पुसून नीट ठेवा. त्यावर गुडघे टेका, देवाजवळ बुद्धी मागा. पण ती मिळाली की लगेच उठा. तुम्ही विचारत बसाल तेवढा वेळ, दूर कुठे तरी कोणी आपल्याच माणसाला दोष देत बसलेले असेल.